सात घोड्यांना भिंत मिळाली, पेंटरकाकांना नाही

आज दुपारी डबा खाता खाता फोन उघडला आणि पुढचा घास घशाखाली उतरेना. जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या आमच्या टॉवरच्या ग्रुपवर लॉबीतल्या भिंतीचं मतदान संपलं. लिफ्टसमोरची ती मोठी पांढरी भिंत. वास्तुशांतीला जे आले होते त्यांनी पाहिली आहे. तिथे काय लावायचं यावर आठवडाभर चर्चा चालली होती. एकीकडे धावणारे सात पांढरे घोडे, वास्तुशास्त्राप्रमाणे, छापील, सोनेरी फ्रेमसकट, वर्गणीच्या पैशातून. दुसरीकडे पेंटरकाकांनी स्वतःच्या हाताने काढलेलं आमच्या चाळीचं चित्र, एक पैसा न घेता देऊ केलेलं. घोडे जिंकले.

हरल्याचं मला एवढं वाटलं नसतं. मतं पडली, विषय संपला. पण खाली जे लिहिलं गेलं ते वाचून डोकं फिरलं. "चाळ सुटली ना एकदाची? मग रोज येता-जाता तीच बघायची का?" "पाहुण्यांसमोर संडासाची लाइन?" "गरिबीचं प्रदर्शन नको, प्लीज." आणि प्रत्येकाखाली अंगठ्यांची रांग. ज्यांच्या बारशाच्या कागदी पताका काकांनी रंगवल्या, ज्यांच्या पहिल्या दुकानाची पाटी काकांनी उधारीवर करून दिली, त्यांचे अंगठे. काका ग्रुपवर आहेत हो. सगळं वाचलं त्यांनी. बऱ्याच वेळाने लिहिलं, "ठीक आहे. सर्वांचे आभार." पुढे दोन हात जोडलेले.

म्हणून लिहायला बसले आहे. लांबेल. वाचा.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वरळीच्या बीडीडी चाळीत, आमच्याच मजल्यावर, संडासाच्या बाजूने तिसरी खोली त्यांची. चित्रकला शिकायला जे.जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं होतं, पण वडील अचानक गेले, धाकट्या भावंडांचं बघायचं होतं, ते राहून गेलं. मग बोर्ड रंगवायला लागले. वरळी नाक्यापासून डिलाईल रोडपर्यंत वाणी, शिंपी, दवाखाना, केशकर्तनालय, पिठाची गिरणी, अर्ध्याअधिक पाट्या त्यांच्या हातच्या. भीमजयंतीचा कापडी बॅनर त्यांचा, गणपतीमागचा पडदा त्यांचा, जांबोरी मैदानातल्या दहीहंडीचा बोर्ड त्यांचा. जिन्याखालचा फळा तर त्यांचाच. कोणी गेलं की रात्री-अपरात्री उठून फळ्यावर नाव लिहायचे, अंत्ययात्रेची वेळ लिहायचे, आणि एवढ्या झोपेतून उठलेल्या माणसाची एक शिरोरेघ कधी वाकडी गेली नाही.

मग फ्लेक्स आला. सकाळी फोटो दिला की संध्याकाळी बॅनर हातात. काकांचं काम बघता बघता संपलं. दुसरा कोणी असता तर खचला असता. काकांनी हार्डबोर्ड आणला, त्याला प्रायमर मारला आणि आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रंगवलं तो हात स्वतःसाठी चालवायला सुरुवात केली. आणि आमची इमारत रिकामी होऊन आम्ही संक्रमण शिबिरात गेलो तेव्हापासून ते फक्त चाळ काढतायत. सगळी आठवणीतून, फोटो न बघता.

लॉबीसाठी दिलेलं चित्र चार फूट बाय तीन. दुसऱ्या मजल्याचा पॅसेज, पहाटेचा. बीडीडीत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको, दोन्हीकडे खोल्या आणि मधून बोळ, भर दुपारी ट्यूब लावायला लागायची. ती ट्यूब चित्रात आहे, एका टोकाला काळी पडलेली, आणि तिचा तो आजारी निळसर उजेड ओल्या फरशीवर कसा सांडतो तेही आहे. टोकाला नळ. बादल्या, कळश्या, पिंपं रांगेत, माणसं भिंतीला टेकून अर्धवट झोपेत. कुठली बादली कोणाची हे मी आजही सांगू शकते. आईच्या ॲल्युमिनियमच्या कळशीचा कान तुटला होता, तिथे बाबांनी सुतळी बांधून दिली होती. ती सुतळी चित्रात आहे. अर्ध्या इंचाची जागा असेल. मळकट पिवळ्याचे दोन-तीन बारीक फटकारे आणि त्यावर एक काळा ठिपका, गाठ म्हणून. एवढ्या वर्षांनी त्या माणसाला दुसऱ्याच्या कळशीची गाठ आठवते, आणि आपण म्हणायचं गरिबीचं प्रदर्शन?

त्याच चित्रात रांगेच्या मागे, आमच्या दाराबाहेर, स्टुलावर एक माणूस बसलाय. ते माझे बाबा.

त्यांचं सांगितल्याशिवाय मला काय म्हणायचंय ते कळणार नाही. बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. पहिले काही महिने सभा, मोर्चे, घरात तावातावाने बोलणं. पावसाळा आला तशी माणसं एकेक करून गावाला निघाली. बाबांचं गावाला काही नव्हतंच, एक पडकं घर आणि चुलत्यांची भांडणं. ते इथेच राहिले. आई खानावळीचे डबे करायला लागली आणि बाबा भिंतीकडे तोंड करून झोपून राहायला लागले. दाढी वाढली. बोलणं बंद. मी चौथी-पाचवीत होते, मला त्या पाठीची भीती वाटायची.

एका संध्याकाळी काका दारात. "अरे, मला बसायला माणूस पाहिजे. शिंप्याच्या बोर्डावर शिंपी काढायचाय, तूच बस." बाबा नाही म्हणाले. काका हलेनात. शेवटी पॅसेजमध्ये ट्यूबखाली स्टूल टाकलं, बाबांच्या हातात आईचं जुनं लुगडं दिलं, शिलाईचं कापड म्हणून. जाताना काका म्हणाले, "उद्या दाढी करून ये. असला शिंपी बघून गिऱ्हाईक आत यायचं नाही." दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली. आईने चहाचं पातेलं चुलीवर तसंच ठेवून त्यांच्याकडे बघितलेलं मला आठवतं.

शिंप्याचा बोर्ड थोड्या दिवसांत झाला असणार. पण काका थांबले नाहीत. मग दवाखान्याच्या पाटीवरचा पेशंट पाहिजे म्हणाले. मग दूधवाला. मग केशकर्तनालयातलं गिऱ्हाईक, मग सायकल दुरुस्तीवाला. बाबा रोज संध्याकाळी आंघोळ करून, भांग पाडून पॅसेजमध्ये बसायचे, आणि आजूबाजूला पोरं, माणसं, गप्पा. गिरणीचं दार बंद होतं, तरी संध्याकाळी एका ठिकाणी वेळेवर जाऊन बसायचं काम त्यांना होतं. त्या संपातून चाळीतली कितीतरी माणसं कधी उठलीच नाहीत. बाबा उठले. पुढे वॉचमनची नोकरी धरली, आम्हाला शिकवलं. संप तर आजतागायत कोणी मागे घेतल्याचं जाहीरही केलेलं नाही.

आमच्या लहानपणी वरळीत कुठेही जा, पाटीवर बाबांचा चेहरा. कधी शिंपी, कधी पेशंट, कधी दूधवाला. शाळेत जाताना आम्ही बहिणी मोजत जायचो. फ्लेक्स आल्यावर त्या पाट्या एकेक करून उतरल्या आणि भंगारात गेल्या. बाबाही गेले. आणि आता काकांनी पहिल्यांदाच बाबांना बाबा म्हणून काढलंय. कुठल्याही धंद्याचं सोंग न देता, गुळगुळीत दाढी करून, स्टुलावर.

हे चित्र लॉबीत नको. का, तर पाहुणे काय म्हणतील.

काय म्हणतील पाहुणे? की ही माणसं इथे राहत होती. राहत होतीच ना? म्हणून तर घर मिळालं! चाळीत राहिल्याचे पुरावे, रेशनकार्डं, लाइटबिलं, भाडेपावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून किती वर्षं सांभाळली आपण. कार्यालयात खेटे घालताना चाळ अभिमानाने सांगायची आणि घर मिळाल्यावर चाळीची लाज? एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीच्या जोरावर पाचशे चौरस फूट मिळाले आहेत, कोणी आकाशातून टाकले नाहीत.

सगळ्यांना माहीत असेल असं मी धरून चालले होते, पण ग्रुपवरच्या पोरांच्या भाषेवरून तसं दिसत नाही, म्हणून लिहिते. ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन. शंभर वर्षं कामगारांनी, हवालदारांनी, सफाई कामगारांनी या शहराला त्या खोल्यांतून उठून कामाला जाऊन चालवलं. १९७४ च्या दंगलीतही याच इमारती होरपळल्या. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या, त्यातली एक आमची. शंभर वर्षांच्या चाळी पाडून तिथे चाळीस मजले उभे राहिले, आणि त्या शंभर वर्षांसाठी एक भिंत देता येत नाही आपल्याला?

बरं, नवं घर चांगलं आहे. हे कबूल न करणं खोटेपणा ठरेल. आईचे गुडघे गेलेत, काठी टेकत पॅसेजच्या टोकापर्यंत जायची, रात्री तर पाणी प्यायची नाही उठायला लागेल म्हणून. आता खोलीला लागून संडास आहे. पहिल्या रात्री ती नुसती दिवा लावून बघून आली. ज्या बाईने आयुष्यभर हातात डबा घेऊन रांग लावली तिला कुठलीच रांग चित्रात बघायची नसेल, तर तिचं बरोबर आहे. आणि चाळीतली म्हणून माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, तेही मी विसरले नाही.

पण मी आईला विचारलं. आज संध्याकाळी विचारलं. म्हणाली, "माझी कळशी आहे ना त्यात? मग लाव की." तिला काही अडचण नाही. अडचण आहे ती ज्यांनी ती रांग फारशी लावलीच नाही, त्यांना.

दुसरा आक्षेप, हा एका शिकलेल्या मुलाने घेतला: काका काही मोठे आर्टिस्ट नाहीत. मान्य. पायाची बोटं त्यांना अजून जमत नाहीत, लहान मुलांचे चेहरे मोठ्या माणसांसारखे येतात. पण बघितलंय का नीट कोणी? २०१९ च्या शेवटी काळा घोडा भागातल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुधीर पटवर्धनांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन लागलं होतं. पटवर्धन म्हणजे ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून तीस वर्षं प्रॅक्टिस करणारे डॉक्टर आणि आपल्या देशातले फार मोठे चित्रकार. इराणी हॉटेल, लोकल, ठाण्याचं पोखरण, उल्हासनगर, रस्त्यावरची कामकरी माणसं, हेच त्यांनी आयुष्यभर काढलं. २००१ साली 'लोअर परळ' काढलं. त्याच साली गिरण्यांच्या जमिनीचा नियम बदलला, शहरासाठी आणि म्हाडाच्या घरांसाठी मिळायचा जमिनीचा वाटा फक्त मोकळ्या पडलेल्या जागेपुरता उरला, आणि पुढे काय झालं ते आपण रोज मॉलच्या पायऱ्यांवर बघतो. तर त्या प्रदर्शनाला मी काकांना घेऊन गेले. काका एका गर्दीच्या चित्रासमोर उभे राहिले ते हलेचनात. गार्ड दोनदा येऊन बघून गेला. शेवटी मला म्हणाले, "बघ, एवढी माणसं आहेत, पण एकही भरतीचा नाही. प्रत्येकाला घरी जायचंय."

बोर्ड रंगवणाऱ्या माणसाला हे दिसतं. घरी आल्यावर त्यांनी स्वतःची आधीची चित्रं भिंतीकडे फिरवून ठेवली आणि नव्याने सुरुवात केली. म्हणून आत्ताच्या चित्रांत प्रत्येक माणूस कोणीतरी आहे. नळावरच्या रांगेत मागची बाई पुढच्या बाईच्या खांद्यावरचा पदर सारखा करतेय, तो हात बघा. ती पुढची बाई बाळंतीण आहे, पहाटे उठून पाण्याला आली आहे, आणि मागची तिची सासू नाही, शेजारीण आहे. हे सगळं त्या एका हातात आहे. सात घोड्यांपैकी एक तरी घोडा कोणाकडे बघतोय का?

सुंदर चित्राशी माझं भांडण नाही. आमच्याही खोलीत मुळगावकरांच्या कृष्णाचं कॅलेंडर होतं, वर्ष संपलं तरी आईने खालची पानं फाडून चित्र ठेवून दिलं होतं. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकावरची चित्रं कापून मी वहीला कव्हर घालायचे. माणसाला छान बघावंसं वाटतं. पण छान म्हणजे दुसऱ्याचंच, आपलं नाहीच, हे कोणी शिकवलं आपल्याला? आपण नाटकाला रांग लावतो, गाण्याला जातो, पहाटे उठून दिवाळीचे कार्यक्रम ऐकतो. चित्र म्हटलं की सोफ्याच्या रंगाला जुळतंय का एवढंच बघतो. आणि गल्लीतला माणूस आपल्याकडेच बघून चाळीस-पन्नास वर्षं काढत असेल, तर त्याच्याकडे एकदा मान वर करून बघायलाही वेळ नाही.

जहांगीर आर्ट गॅलरीत लाव म्हणे. हाही सल्ला आला ग्रुपवर. जहांगीरची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आणि मुळात त्यांना जहांगीरला लावायचंच नव्हतं. त्यांनी हे चित्र आपल्यासाठी काढलं. लिफ्टची वाट बघत उभं राहिल्यावर जुन्या मजल्यावरची, शेजारच्या खोलीतली माणसं दिसावीत म्हणून. आता शेजारी कोण राहतं ते दार बंद असल्यामुळे कळत नाही, हे सगळेच म्हणतात. रोज म्हणतात. काकांनी त्यावर काहीतरी केलं, बाकीच्यांनी नुसतं म्हटलं.

आत्ता थोडी शांत झाले आहे. मघाशी काकांकडे जाऊन आले. मला वाटलं खट्टू होऊन बसले असतील. ते हॉलच्या खिडकीत उभे होते, चाळिशी कपाळावर चढवून, खालचं बांधकाम बघत. उरलेल्या चाळी पाडायचं काम चाललंय ना. म्हणाले, "ती चौकट बघ, जिन्याची. उद्यापर्यंत राहायची नाही, आत्ताच बघून ठेवतो." चित्राबद्दल शब्द नाही. काकूंनी चहा टाकला. मी विचारलं, काका, राग नाही आला? तर म्हणाले, "अगं, पोरं आहेत. त्यांना अजून नवीन घर पुरतं बघायचंय. मला जुनं पुरतं बघायचंय." त्यांच्याइतका समजूतदारपणा माझ्यात नाही. मला राग आलाय आणि तो मी गिळणार नाही. ज्या चित्रात माझे बाबा दाढी करून ताठ बसलेत त्याला गरिबी म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, त्या वर्षी त्यांच्या घरातलं कोण कोण असं ताठ बसू शकलं होतं.

ग्रुपवर मी काही लिहिणार नाही, तिथे वाद घालून उपयोग नाही. काकांशी बोलून ठरवलंय. हे चित्र आणि आणखी अकरा, आमच्या हॉलमध्ये लावतेय. सोफा आईच्या खोलीत ढकललाय, टीव्ही भावाने उतरवून दिलाय. खिळे ठोकायला म्हाडाच्या भिंती भलत्याच टणक आहेत, ड्रिलवाला शनिवारी सकाळी येतोय. रविवारी सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत दार उघडं आहे. चाळीतले या, टॉवरमधले या, ज्यांनी घोड्यांना मत दिलं तेही या, मी चहा देईन, भांडणार नाही. पोरांना घेऊन या आणि आजी-आजोबांना जरूर आणा, कोण कोण दिसतंय ते त्यांनाच सांगता येईल. जांबोरी मैदानाच्या बाजूने आलात तर गेटवर वॉचमनला पेंटरकाकांची चित्रं म्हणा, त्याला सांगून ठेवलंय.

काका दिवसभर बसणार आहेत. त्यांना विचारा, ते बोलतात. एखादं घ्यायचं असेल तर किंमत त्यांनाच विचारा आणि कृपा करून घासाघीस करू नका. नळाचं चित्र मात्र विकायचं नाही, ते आईने मागून घेतलंय.